फांदीवाली किटली

राइक्कोला गावात काउको तिर्क्कोनेन येतोय हे आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला. खेड्यापाड्यांतून फिरणारी वाचनालयाची निळी गाडी तो सव्वीस वर्षं चालवतोय. गाडी चर्चपाशी थांबते, दार उघडतं, आणि आत पाय ठेवायच्या आधीच काउकोचं बोलणं अर्ध्यावर आलेलं असतं. एखाद्या पुस्तकाबद्दल विचारलं तर तो त्याची गोष्ट इतकी रंगवून सांगतो की पुस्तक घरी न्यायची गरजच उरत नाही. केर्त्तू म्हातारी म्हणते की तिने सव्वीस वर्षांत एक पुस्तक वाचलेलं नाही, पण तिला सगळी तोंडपाठ आहेत.

यात त्याचा दोष नाही. काउको जन्माने सावो प्रांताचा, आणि सावोचा माणूस बोलायला लागला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, हे आमच्या देशात शेंबडं पोरही सांगेल. आम्ही हॅमे प्रांताची माणसं त्याच्या बरोब्बर उलटी. एखादी गोष्ट आम्हाला पटली तर आम्ही "हं" म्हणतो. फारच पटली तर थोड्या वेळाने म्हणतो.

अशा गावात हा गडी घरजावई होऊन आला. राइली उओतिला दर गुरुवारी गाडीतून विणकामाचं एकच पुस्तक न्यायची आणि पुढच्या गुरुवारी तेच परत आणायची. सातव्या गुरुवारी काउकोच्या लक्षात आलं की पुस्तकात तिला काही रस नाही. लग्न ठरलं, आणि लग्नाची साहती, म्हणजे घरी गाळलेली बिअर, राइलीच्या आईने, एल्माने, स्वतः केली.

साहती आमच्याकडे विकत आणत नाहीत. जवाचा आणि राय नावाच्या धान्याचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, दिवसभर गरम पाण्यात चढत्या आचेवर मुरवायचा, जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या अंथरलेल्या लाकडी डोणीतून तो रस गाळायचा, पाव फुगवायचं ताजं यीस्ट त्यात सोडायचं आणि मग तळघरात तिची तिला शांत पडू द्यायची. पहिल्या धारेची साहती घट्ट, तपकिरी, गोडसर. दोन पेल्यांत माणसाला आपले सगळे नातेवाईक आवडायला लागतात. त्याच माल्टवर पुन्हा पाणी घालून काढलेली दुसऱ्या धारेची पातळ, तिला बायकांची साहती म्हणतात. नाव पुरुषांनी ठेवलेलं, हे सांगायला नको.

तर लग्नात काउकोने पहिल्या धारेचा पहिला घोट घेतला आणि त्या दिवशी म्हणे तो चांगली पाच मिनिटं गप्प बसला. राइली आजही सांगते, की लग्नात शपथ घेतानासुद्धा त्याचा चेहरा इतका गंभीर नव्हता. त्या घोटापासून त्याने ठरवलं, की अशी साहती आपल्या हातून एकदा तरी झाली पाहिजे.

पण एल्मा उओतिला म्हणजे काही वाटेवरची बाई नव्हे. तिची डोणी तिच्या आजीची. अस्पेनच्या एका अख्ख्या खोडातून कोरलेली, दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब, शंभर वर्षांच्या साहतीने आतून काळीभोर झालेली. खांदा निकामी झाला तेव्हा बारा वर्षांपूर्वी एल्माने साहती करणं सोडलं आणि डोणी कोठाराच्या भिंतीला टांगली. पण दर मे महिन्यात ती डोणी खाली उतरवायला लावी आणि पाण्याने भरून ठेवी, कारण लाकूड कोरडं पडलं की तडकतं. जावयाला मात्र तिने त्या डोणीला हात लावू दिला नाही. काउको आपली साहती एका जुन्या कपडे धुण्याच्या मशीनच्या पोलादी पिंपातून गाळायचा, आणि गाव त्यावरून त्याची चेष्टा करायचं. त्याची साहती प्यायली की सदरा आतून स्वच्छ होतो, असं म्हणायचं.

प्रत्येक वेळी तो पहिला पेला सासूला नेऊन द्यायचा. एल्मा दोन कानांचा लाकडी पेला दोन्ही हातांत धरी, एक घोट घेई, अंगणासमोरच्या तळ्याकडे बघे आणि म्हणे, "पिता येते."

चोवीस वर्षं. दर वर्षी निदान तीन वेळा. तुम्हीच हिशेब करा किती वेळा "पिता येते" झालं असेल. आमच्याकडे हे काही वाईट बोलणं नाही. पाद्रीबुवांच्या प्रवचनालाही एल्मा याहून जास्त गुण देत नसे. पण काउकोला हवा होता एकच शब्द, चांगली. राइलीच्या माहितीप्रमाणे तो शब्द एल्माने आयुष्यात एकदाच वापरला होता, तिच्या स्वतःच्या आईच्या साहतीबद्दल, तेही आईला पुरून आल्यावर.

म्हणून काउको स्पर्धांना जाऊ लागला. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी घरच्या साहतीची मोठी स्पर्धा भरते, दर वर्षी वेगळ्या गावात. पंच तंबूत बसतात, पेल्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. पहिल्या वर्षी काउकोचा नंबर खालून मोजायला सोपा पडला. मग चौदावा, अकरावा, नववा, आणि गेल्या वर्षी चौथा. चौथा आल्यावर तो गाडीच्या प्रत्येक थांब्यावर त्याची कहाणी सांगत होता, आणि एल्मा म्हणाली होती की चौथ्याला काही देत असतील असं तिने ऐकलेलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात एल्माने डोणी खाली उतरवायला सांगितलीच नाही.

काउकोने आठवडाभर वाट पाहिली आणि मग विचारलं. एल्माने शांतपणे सांगितलं की गावच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयाचा उन्तो ती मागतोय. तिथे भिंतीवर छान दिसेल, खाली पाटी लागेल. संग्रहालयात हिवाळाभर हीटर चालू असतो. तिथे ती डोणी दोन वर्षांत उभी चिरली असती. हे काउकोने सासूला सावोच्या पद्धतीने, म्हणजे पाऊण तास, समजावून सांगितलं. एल्माने ऐकून घेतलं.

"डोणी ज्याला साहती करता येते त्याची," ती म्हणाली.

"मग माझी साहती चांगली आहे की नाही, मुम्मु? एकदा सांगून टाका." सासूला तो मुम्मु म्हणायचा, म्हणजे आजी.

"माझी जीभ म्हातारी झाली. पंचांना विचार. पहिल्या तिघांत आलास तर डोणी तुझी. नाही तर उन्तो ट्रेलर घेऊन येईल."

झालं. काउकोने त्या दिवसापासून दुसरं काही केलं नाही. गाडी चालवताना तो माल्टबद्दल बोलायचा, थांबल्यावर यीस्टबद्दल. जुनिपरच्या फांद्या त्याने उत्तरेच्या उतारावरच्या, मऊ टोकांच्या आणि बिनफळांच्या आणल्या. स्पर्धेच्या बारा दिवस आधी त्याने साहती लावली, आणि पिंपाच्या तोटीतून पहिली धार पडली तेव्हाच त्याला कळलं की या वेळी काहीतरी जमलंय. धार मधासारखी जड पडत होती. राइलीने बोट लावून चाटलं आणि काही न बोलता दुसऱ्यांदा बोट लावलं.

दुसरी धार या वेळी त्याने जास्त काढली, कारण त्याच शनिवारी एल्माच्या अंगणात चर्चच्या विणकाम मंडळाची बैठक होती. मिशनसाठी मोजे विणणाऱ्या या सात बाया, सरासरी वय ऐंशी. उन्हाळ्याच्या शेवटच्या बैठकीला बायकांची साहती हा रिवाज. एरवी काउको पातळ साहती एका पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यात भरायचा, पण तो डबा हिवाळ्यात फुटला होता. राइलीने कोठारातून दुधाच्या जुन्या दोन किटल्या काढून दिल्या, दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्ही सारख्या, पोचेसुद्धा सारख्याच जागी.

शुक्रवारी संध्याकाळी काउकोने दोन्ही भरल्या, झाकणं घट्ट बसवली आणि ओळख पटावी म्हणून एका किटलीच्या कडीला जुनिपरची फांदी बांधली. त्याच्या आजीच्या घरी सावोत फांदी बांधलेलं भांडं म्हणजे खास पाहुण्यांचं, घरच्यांनी हात लावायचा नाही. फांदी त्याने बांधली स्पर्धेच्या किटलीला.

आता राइक्कोलाची गंमत ऐका. आमच्याकडे फांदी बांधतात ती पातळ साहतीला. गवत कापायच्या दिवसांत रानात पातळच न्यायची असते, नाही तर विळ्याखाली गवताबरोबर पायाची बोटंही येतात. चुकून भलतीच किटली जाऊ नये म्हणून पातळ साहतीवर हिरवी खूण. हे गावातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही, आणि म्हणूनच कुणी काउकोला कधी सांगितलं नव्हतं. एल्मा साहती करायची तेव्हा तळघर बायकांच्या ताब्यात असे; जावयापुढे यायचा तो भरलेला पेला.

शनिवारी काउकोला उठायला उशीर झाला. घाईघाईने बाहेर आला तर गाडीची मागची डिकी उघडी, किटली आत ठेवलेली, भोवती बर्फ, वर ओली लोकरीची घोंगडी व्यवस्थित खोचलेली. शेजारी काठीवर रेलून एल्मा उभी.

"राइलीकडून ठेवून घेतली," ती म्हणाली. "उशीर करू नकोस."

चोवीस वर्षांत सासूने त्याच्या साहतीला पहिल्यांदा मदत केली होती. घोंगडी उचलून फांदी बघावी हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. सासूने खोचलेली घोंगडी उचलून बघणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं, आणि तेही आजच्या दिवशी. तो आभार मानायला लागला, तेव्हा एल्माने काठीने रस्ता दाखवला.

यंदाची स्पर्धा वेहकाला गावात होती; तिथपर्यंतचे ऐंशी किलोमीटर तो गाडीत एकटाच बोलत गेला. डोणी कुठे ठेवायची ते त्याने ठरवलं: सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पडवीत, उत्तरेकडे, ऊन लागणार नाही अशी. तिथे पोचल्यावर स्पर्धेच्या माणसांनी किटली उचलून तंबूमागच्या थंड खोलीत नेली, त्याला सतरा आकड्याचं कार्ड दिलं, आणि घोंगडी परत केली. फांदी नव्हती. वाटेत गळली असेल, असं तो स्वतःला म्हणाला.

एकतीस जण आले होते. सिस्माकडचे, लाम्मीकडचे, मागच्या वर्षी पहिला आलेला तो जाड मिशांचा लोहार, आणि दोघी जुळ्या बहिणी, ज्या दर वर्षी वेगवेगळी साहती आणतात आणि दर वर्षी एकमेकींशी भांडून परत जातात. ॲकॉर्डियन वाजत होता, तव्यावर छोटे मासे तळले जात होते. काउको या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरला आणि बोलला. त्याचं बोलणं ऐकून जुळ्या बहिणींनी आपलं भांडण थांबवलं म्हणतात.

तीन वाजता निकाल लागला. पहिला, दुसरा, तिसरा. सतरा नाही. चौथा, पाचवा, दहावा. सतरा नाही. विसाव्या आकड्यानंतर काउकोने बोलणं बंद केलं. पंचांनी शेवटपर्यंत वाचलं आणि मग मूल्यांकनाचे कागद वाटले. सतरा नंबरच्या कागदावर लिहिलं होतं: "स्वच्छ. ताजी. वास छान. पण बाकीची कुठे आहे?"

काउकोने ते वाक्य तीनदा वाचलं. मग तो थंड खोलीत गेला, आपली किटली उघडली आणि एक घोट घेतला. एकच, कारण गाडी चालवायची होती. पण ओळखायला एक पुरेसा होता. पंचांनी दुधाची तहान ताकावर भागवली होती. ही दुसरी धार होती.

डोणी गेली, हा विचार पहिला आला. तो त्याला बसू देईना, उभाही राहू देईना. मग दुसरा विचार आला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पातळ किटली इथे असेल, तर पहिल्या धारेची, तो मधासारखा जड रस, चाळीस लिटर, या क्षणी सात म्हाताऱ्या बायकांसमोर ठेवलेला होता. आणि ही आपली नेहमीची पातळ, असं समजून त्या पेल्यांवर पेले भरत असणार.

त्याने राइलीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, पण राइलीचा आवाज आला नाही, गाण्याचा आला. "कोण बोलतंय?" असं केर्त्तूने विचारलं, त्याने नाव सांगितलं, तर ती म्हणाली की काउको घरी नाही, स्पर्धेला गेलाय, आणि फोन ठेवून दिला.

परतीचे ऐंशी किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही.

घराच्या वळणावरच त्याला ऐकू आलं. जुनं भजन होतं, आपण चर्चमध्ये मान खाली घालून म्हणतो ते, पण पोल्का नाचाच्या चालीवर. बर्च झाडांखाली टेबल मांडलेलं, त्यावर फांदी बांधलेली किटली, आणि भोवती विणकाम मंडळ. दोघीजणी एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या. एकीचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. केर्त्तू मोठ्या अभिमानाने आपला मोजा सगळ्यांना दाखवत होती. त्याला टाच दोन्ही बाजूंना होती, आणि पाय घालायला जागा कुठेच नव्हती. मिशनचं काय ते मिशन बघून घेईल, असं तिचं म्हणणं. संग्रहालयाचा उन्तो ट्रेलर घेऊन आला होता खरा, पण आता तो अंगणातल्या झोपाळ्यावर हातात कागदपत्रं धरून बसला होता, आणि स्वतःशीच हसत होता. राइली गवतावर बसलेली, डोळे पुसत. हसून हसून पुसत होती, हे जवळ गेल्यावर कळलं.

आणि एल्मा बोलत होती. अशी, की थांबतच नव्हती. एकोणीसशे बावन्न सालची गोष्ट सांगत होती, सायकलवरून नाचायला गेल्याची, कुणाच्या तरी पुढच्या दांडीवर बसून, आणि तो कुणी तरी राइलीचा बाप नव्हता. राइलीने ही गोष्ट जन्मात ऐकली नव्हती.

"ये, जावई," एल्मा म्हणाली. "ये, बस. ही तुझी बायकांची साहती का?"

काउको टेबलापाशी आला आणि त्याने किटलीवरची फांदी पाहिली.

एल्माने पेला दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला, आणि या वेळी तळ्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं.

"चांगली आहे," ती म्हणाली.

नाचणाऱ्या दोघी थांबल्या. त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकीला एल्मा उओतिला साठ-सत्तर वर्षांपासून माहीत होती, आणि आईला पुरून आल्यानंतर हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"बायकांची जर अशी," एल्मा पुढे म्हणाली, "तर पुरुषांची कशी असेल? पंच शुद्धीवर आहेत ना?"

कुणी दुसरा असता तर गप्प बसला असता. शब्द मिळाला होता, फुकट मिळाला होता. पण काउकोला खोटं पचत नाही. त्याचं बोलणं लांब असतं, वाकडं नसतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने सासूशी तीन शब्दांत बोलून संपवलं.

"ही पुरुषांचीच, मुम्मु."

एल्माने फांदीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याने आजीच्या घरची खूण सांगितली. राइलीने आपल्या गावची खूण सांगितली. हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही साहतीमुळे जरा अडखळत.

"म्हणजे स्पर्धेला आपण ताक पाठवलं," एल्मा म्हणाली. "कितवा आलास?"

"एकतिसावा."

"किती जणांत?"

"एकतीस."

आधी केर्त्तू हसली. मग एल्माचे खांदे हलायला लागले, निकामी झालेला तोही, आणि ती इतकी हसली की राइलीला तिच्या हातातला पेला काढून घ्यावा लागला. काउकोने खिशातून पंचांचा कागद काढून दिला. "बाकीची कुठे आहे?" हे केर्त्तूने मोठ्याने वाचलं, सात जणींनी आपापल्या पोटावर हात ठेवून उत्तर दिलं, आणि काउकोलाही हसू आवरेना.

गोंधळ जरा थांबल्यावर झोपाळ्यावरून उन्तोने विचारलं, की पहिल्या तिघांत नाही, म्हणजे मग डोणीच्या कागदावर सही कुठे घ्यायची. एल्माचं हसणं थांबलं. तिने टेबलावर बोटं वाजवली.

"आज सही नाही आणि देणंही नाही," ती म्हणाली. "चार पेले पोटात असताना चांगलं कोण म्हणतं, मी की साहती, ते सांगता येत नाही. उद्या सकाळी बघू."

काउकोचं हसू ओठांवरच राहिलं. हे बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मिळालेला शब्द पुन्हा टांगणीला लागला होता, कोठाराच्या भिंतीवरच्या डोणीच्या शेजारी.

रविवारी चर्चमधला डावीकडचा तिसरा बाक पूर्ण रिकामा होता. पाद्रीबुवांनी विणकाम मंडळाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली आणि ती लागू पडायला दुपार झाली.

काउको मात्र पहाटे सहापासून सॉनाच्या पायरीवर बसून होता. घरात राहिला असता तर बोलला असता, आणि आज बोलून काही होणार नव्हतं. सातच्या सुमाराला एल्मा बाहेर आली. चेहरा पिठासारखा, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, काठी नेहमीपेक्षा जपून टाकत. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती टेकडीच्या पोटातल्या तळघरात उतरली. काउकोला रात्री परत ठेवलेल्या किटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ओतल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन कानांचा पेला होता, तळाशी चार बोटं साहती.

ती दारातच उभी राहिली आणि तिने घोट घेतला. तळ्यावर धुकं होतं. तिने त्या धुक्याकडे बघितलं, इतका वेळ, की तेवढ्यात काउकोने एरवी अर्धं पुस्तक सांगून संपवलं असतं. मग तिने दुसरा घोट घेतला. पेल्यातलं उरलेलं तिने गवतावर झटकलं आणि घराकडे वळली.

"मुम्मु," काउकोला राहवेना. "मग?"

एल्मा थांबली.

"काल सांगितलं ना," ती म्हणाली. "मत बदललं तर कळवीन."

आणि दोन पावलं गेल्यावर, मागे न वळता:

"बादली घेऊन कोठारात ये. यंदा मी डोणीला पाणी घातलं नाही. आठवडाभर भिजल्याशिवाय ती रस धरायची नाही."

काउको उठला. विहिरीपाशी जाऊन त्याने बादली भरली. चोवीस वर्षांत त्याने या क्षणासाठी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं, आणि ते काही थोडं नव्हतं. कोठाराच्या दाराशी एल्मा वाट बघत उभी होती, एक हात डोणीच्या काळ्या लाकडावर ठेवून.

"हं," काउको म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला.